मुखपृष्ठाची टर उडवण्याची रीत

‘कसलं भिकार कव्हर आहे’ असं म्हटल्यावर कोणी हसत नाही. ऐकणारा फार तर मान हलवतो. पण ‘सूर्य डावीकडे आहे आणि शीर्षकाची सावलीही डावीकडेच पडलीय’ असं म्हटलं, की तो पुस्तक हातातून ओढून घेतो, बघतो आणि मग हसतो. टर उडवायची तर दोषावर बोट ठेवता आलं पाहिजे, आणि बोट ठेवायचं तर तो दोष कुठून आला हे ठाऊक हवं. इथे विचार मराठी पुस्तकांचाच केला आहे. देवनागरीत मुखपृष्ठ बिघडवण्याच्या ज्या खास सोयी आहेत, त्या रोमन लिपीवाल्यांच्या नशिबात नाहीत.

सावज कोणतं धरावं

भडक म्हणजे वाईट असं धरून चालू नका. जुन्या रहस्यकथांवर पिस्तूल, किंचाळणारी बाई आणि लाल-पिवळी अक्षरं असायची. ती स्टॉलवर दहा फुटांवरून दिसावीत म्हणूनच तशी काढलेली होती, आणि दिसायची. काम चोख होतं. त्यात हसण्यासारखं काही नाही. उलट शांत, राखाडी, ‘अभिजात’ दिसू पाहणारं कव्हर पुष्कळदा नुसतंच आळशी असतं.

तुलनेला शेजारी एखादं चांगलं मुखपृष्ठ ठेवावं. चित्रकार दीनानाथ दलालांची (१९१६–१९७१) मुखपृष्ठं जुन्या पुस्तकांच्या दुकानात अजून हाती लागतात. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली शीर्षकं पाहा. अक्षराच्या वळणावरूनच नाटकाची जात कळते. दहा मिनिटं हे पाहून मग आजचं कव्हर हातात घेतलं, की चुका आपण होऊन पुढे येतात.

पदरमोड करून दोनशे प्रती काढलेल्या पहिल्या कवितासंग्रहाला हात लावू नये. तिथे डीटीपीवाल्याने अर्ध्या तासात जे जमलं ते केलेलं असतं आणि कवीने ते आनंदाने घरी नेलेलं असतं. संपादक, वितरक, जाहिरात असा सगळा लवाजमा बाळगणाऱ्या प्रकाशनाची पाचवी आवृत्ती मात्र खुशाल धरावी. पाच वेळा कोणीतरी ते कव्हर डोळ्यांखालून घालून ‘छापा’ म्हणालेलं आहे.

आधी पाहून घ्या

कव्हरचा फोटो फोनवर दोन सेंटिमीटर रुंद करा. ऑनलाइन दुकानात ते साधारण तेवढंच दिसतं. शीर्षक वाचता येतं का, अनुस्वार उरतात का, हे बघा. मग तोच फोटो कृष्णधवल करा. हिरव्या रानावर लाल अक्षरं रंगीत असताना ठसठशीत वाटतात. रंग काढले की दोघांचा गडदपणा सारखाच निघतो आणि शीर्षक रानात गुडूप होतं. त्यानंतर पुस्तक उलटं धरा, म्हणजे अर्थ बाजूला पडतो आणि नजर पहिल्यांदा कुठे जाते ते कळतं. ती प्रकाशकाच्या बोधचिन्हावर किंवा ‘सुधारित आवृत्ती’च्या पिवळ्या चांदणीवर गेली, तर पहिला मुद्दा मिळाला.

शेवटी पट्टी घ्या. हो, खरोखरची पट्टी. कव्हरच्या कडेने बारीक चौकट काढलेली असेल तर चारही बाजूंचं अंतर मोजा. कटिंगमध्ये मिलिमीटर-दीड मिलिमीटर इकडेतिकडे होतंच, म्हणून जाणता माणूस कडेला चिकटून चौकट काढत नाही. काढली, की डावीकडे चार मिलिमीटर आणि उजवीकडे दोन, आणि सगळं पुस्तक लंगडतंय असं वाटत राहतं.

अक्षरं: इथे खाण आहे

मराठी कव्हरवरचे निम्मे विनोद शीर्षकाच्या अक्षरांतच सापडतात, त्यामुळे वेळ इथे घालवावा.

तुटलेली शिरोरेषा सगळ्यांत सोपी. इंग्रजी कव्हरवर अक्षरं लांब-लांब ठेवली की ऐटदार दिसतं, म्हणून तीच युक्ती इथे केली जाते. सॉफ्टवेअरमधलं अक्षरांतलं अंतर वाढवलं की प्रत्येक अक्षर आपापली रेघ घेऊन वेगळं उभं राहतं आणि शब्द एकसंध राहत नाही. शिरोरेषा मुद्दाम काढून टाकून केलेली रचना वेगळी; तिथे अक्षरांमधली मोकळी जागा डोळ्यांनी बेतलेली असते. फरक ओळखायचा तर काना पाहा. काना आपल्या अक्षरापासून जितका दूर, तितकाच पुढच्या अक्षरापासूनही दूर असेल, तर आकडा टाकून काम उरकलेलं आहे.

दुसरी, अक्षराभोवतीची रेघ. पिवळ्या शीर्षकाला लाल किनार द्यायची हौस फार. देवनागरी फॉन्टमध्ये शेजारची अक्षरं शिरोरेषेवर एकमेकांत थोडी घुसलेली असतात. कोरलड्रॉसारख्या, चित्र-अक्षरांची मांडणी करायच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक अक्षराला वेगळी किनार मिळते, आणि जिथे दोन अक्षरं भेटतात तिथे शिरोरेषेवर उभे लाल टाके दिसतात. अक्षरांचं आकृतीत रूपांतर करून, ती एकत्र जोडून, मग किनार दिली की टाके जातात. दोन क्लिकचं काम. ते न केल्याने शीर्षक ऑपरेशन होऊन नुकतंच घरी आल्यासारखं दिसतं.

तिसरी, फुटलेली जोडाक्षरं. फोटोशॉपमध्ये भारतीय लिप्यांची मांडणी चालू केलेली नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. शीर्षकात हे सहसा पकडलं जातं. मलपृष्ठावरच्या मजकुरात, विशेषतः शेवटच्या क्षणी भरलेल्या किमतीच्या आणि पत्त्याच्या ओळीत, राहून जातं. तिथे हटकून पाहा.

चौथी खास आपली: ‘ऱ्य’ आणि ‘र्य’. चंद्रकोरीसारखा अर्धा र उमटवायला टाइप करताना वेगळी कळ लागते. ती ठाऊक नसली, की र वर चढून रफार होतो आणि दऱ्यांचा दर्या होतो, पायऱ्यांच्या पायर्या. पानातल्या मजकुरात मुद्रितशोधक हे धरतो. कव्हर त्याच्याकडे जातच नाही. कव्हर ‘चित्र’ मानलं जातं, आणि चित्राचं प्रूफ कोण वाचतं?

पाकळीचा ल आणि देठाचा श यांवरही नजर ठेवा. बरेच फॉन्ट आपण होऊन हिंदी वळणाचा ल-श देतात. मजकुराची भाषा मराठी निवडली की काही फॉन्टांत मराठी वळण येतं. पण ही टर जपून उडवावी. जाणकारांना हसू येतं, बाकीचे ‘काय फरक आहे?’ विचारतात, आणि समजावून सांगावा लागलेला विनोद मेलाच.

फॉन्टच्या निवडीबद्दल एकच सांगणं: ‘मंगल’ला हसू नका. सुलेखनकार र. कृ. जोशींनी तो संगणकाच्या पडद्यासाठी घडवला, आणि तिथे तो आपलं काम नीट करतो. हसायचं ते त्याला बहात्तर पॉइंटात ओढून प्रेमकथेच्या छाताडावर बसवणाऱ्याला. कादंबरीऐवजी निविदा सूचना हातात आल्यासारखं वाटतं. आज ‘मुक्ता’, ‘बलू’, ‘तिरो देवनागरी मराठी’ असे चांगले फॉन्ट फुकट मिळतात, त्यामुळे ‘पैसे नव्हते’ ही सबबही उरलेली नाही.

इफेक्ट आणि चित्रं

अक्षराला फुगवटा, सोनेरी चढाव, मागे चमक, खाली सावली: चारही एकाच शीर्षकावर असतील तर नुसते मोजून दाखवा, पुरतं. अधिक बारकाईने बघायचं तर उजेडाची दिशा तपासा. फुगवटा वरून उजेड येतोय म्हणतो, सावली उजवीकडून, आणि मागच्या फोटोत संध्याकाळ होऊन सूर्य डावीकडे मावळतोय. एका कव्हरवर तीन सूर्य निघाले तर पुस्तक विज्ञानकथेच्या कपाटात ठेवायला हवं.

कापलेल्या माणसांच्या कडा बघा. लेखकाचा फोटो मुळात पांढऱ्या भिंतीपुढे काढलेला असतो. तो कापून काळ्या आकाशावर लावला की डोक्याभोवती पांढरी झालर राहते आणि लेखक जिवंतपणी संतपदाला पोचतो. पाय बघा: जमिनीवर सावली नसेल तर माणूस तरंगतोय.

फुटलेलं चित्रही मोजता येतं. डेमी आकाराचं पुस्तक साडेपाच बाय साडेआठ इंच. छपाईला इंचाला तीनशे ठिपके हवेत, म्हणजे उभ्या बाजूला २५५० पिक्सेल, वर कापण्यासाठी प्रत्येक कडेला तीन मिलिमीटर. व्हॉट्सअॅपवरून साध्या पद्धतीने आलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलच्या आसपास उरते. तो पूर्ण कव्हरभर ताणला की इंचाला १८८ ठिपके मिळतात. ‘लेखकाने आठवणी धूसर झाल्याचं म्हटलंय, कव्हरने साथ दिली’ असं मग बिनदिक्कत म्हणता येतं.

ठरीव चित्रांची यादी प्रत्येकाने आपली करावी. कवितासंग्रहावर पान, थेंब, मोरपीस, नाहीतर खिडकीशी पाठमोरी स्त्री. स्वयंविकासाच्या पुस्तकावर जिना, बल्ब, आणि जिन्याच्या टोकाला बल्ब. आत्मचरित्रावर लेखक आणि मागे सूर्योदय, जणू तो त्यांच्याच परवानगीने होतोय. ऐतिहासिक कादंबरीवर उधळलेला घोडा. इथे घोड्याचे पाय मोजून घ्यावेत, कारण अलीकडे चित्रं यंत्राकडून काढून घेतात. यंत्राचं चित्र ओळखायच्या जागा ठरलेल्या आहेत: मंगळसूत्राची वाटी गळ्याच्या कातडीत विरघळते, नऊवारीचा काष्टा कुठून निघून कुठे जातो याचा पत्ता लागत नाही, सह्याद्रीतल्या गडाला युरोपातले टोकदार मनोरे फुटतात, आणि मागच्या दुकानाच्या पाटीवर देवनागरीसारखं दिसणारं, पण कोणत्याच भाषेत नसलेलं काहीतरी लिहिलेलं असतं. ती पाटी मोठ्याने वाचायचा प्रयत्न करणं हा चारचौघांत हमखास चालणारा प्रयोग आहे.

छपाईत काय होतं

पडद्यावर झळझळणारा निळा, पोपटी किंवा जांभळा छपाईच्या चार शायांत तसा येतच नाही, तो विटतो. त्यावर मॅट लॅमिनेशन, म्हणजे बिनचमकीचा पातळ प्लास्टिकचा थर, चढलं की आणखी मलूल होतो. म्हणून टर उडवण्याआधी छापील प्रत आणि प्रकाशकाने जाहिरातीत टाकलेलं चित्र शेजारी-शेजारी ठेवा. जाहिरातीत वसंत, हातात शिशिर.

काळ्या मॅट कव्हरवर बोटांचे ठसे उठतात. चार शायांच्या गडद पार्श्वभूमीवर बारीक पांढरी अक्षरं टाकली आणि छपाईत एखादा रंग केसभर सरकला, की अनुस्वार, मात्रा, र-काराच्या बारीक रेषा बुजतात. आठ पॉइंटाखालचा पांढरा मजकूर म्हणजे बहुधा लेखकाचा परिचयच, म्हणजे त्यांचे पुरस्कार बुजलेले असतात.

स्पाइन, म्हणजे पुस्तकाचा कणा, सगळे विसरतात, आणि पुस्तक आयुष्यभर कपाटात स्पाइनच दाखवत उभं असतं. जाडीचा हिशेब सोपा आहे. २४० पानं म्हणजे १२० कागद. सत्तर जीएसएमचा (चौरस मीटरला सत्तर ग्रॅम वजनाचा) मॅपलिथो, म्हणजे पुस्तकांचा नेहमीचा कागद, साधारण एक दशांश मिलिमीटर जाड. म्हणजे बारा मिलिमीटर, वर कव्हरची जाडी. कव्हर तयार झाल्यावर ऐन वेळी फुगीर कागद घेतला की दोन-तीन मिलिमीटर वाढतात. मग मुखपृष्ठावरचं चित्र वळून स्पाइनवर येतं. चित्रातल्या नायकाचा कान स्पाइनवर आला असेल तर ‘कपाटातूनही ऐकतोय’ म्हणता येतं.

स्पाइनवरचं नाव वरून खाली जाणारं असेल, तर पुस्तक टेबलावर चेहरा वर करून ठेवल्यावर ते सरळ वाचता येतं. खालून वर असेल तर उलटं पडतं. मराठीत दोन्ही चालतात, त्यामुळे एका पुस्तकाला हसण्यात अर्थ नाही. एकाच प्रकाशनाच्या, एकाच लेखकाच्या संचात तीन वर आणि दोन खाली असतील, तर मात्र पाचही ओळीने उभी करून फोटो काढावा. मथळ्याची गरज नाही.

मलपृष्ठावर बारकोड पाहा. वाचनयंत्र लाल उजेड टाकतं, त्यामुळे पांढऱ्यावर लाल पट्ट्या त्याला दिसतच नाहीत. कव्हरशी रंग जुळावा म्हणून बारकोड लाल करणारा कलावंत दुकानदाराला प्रत्येक प्रतीमागे तेरा आकडे हाताने टिपायला लावतो.

आता वाक्य कसं बांधायचं

समजा, सह्याद्रीतल्या भटकंतीवरचं एक पुस्तक आहे, नाव ‘दऱ्याखोऱ्यांतून’. (असं पुस्तक कुठे असलंच, तर ते हे नव्हे.) कव्हरवर बर्फाच्छादित डोंगर आणि सूचिपर्णी झाडं. शीर्षक सोनेरी, फुगीर, आणि रफार चढल्यामुळे ‘दर्याखोर्यांतून’. खाली काठी घेतलेला लेखक, कापून चिकटवलेला, बुटांचे तळ जमिनीपासून सेंटिमीटरभर वर. लेखकाचं नाव शीर्षकाहून मोठं.

नवशिका पाचही दोष ओळीने सांगतो. ऐकणारा तिसऱ्याला कंटाळतो. त्यापेक्षा दोन दोष निवडावेत आणि एकाला दुसऱ्याचं कारण करावं: ‘लेखक निघाले होते दऱ्यांत, रफाराने नेऊन सोडलं दर्यात, पाय टेकत नाहीत ते त्यामुळेच.’ बर्फाचं नाव काढायचं नाही. तो समोरच्याला सापडू द्यावा, म्हणजे तो आपल्या वतीने पुढचं वाक्य म्हणतो.

सूर कव्हरची बाजू घेणारा ठेवला तर जास्त लागतं. ‘चूक’, ‘गचाळ’, ‘हास्यास्पद’ हे शब्द वगळा आणि गंभीरपणे स्पष्टीकरण द्या, एखाद्या समीक्षकाने प्रतीकं उलगडावीत तसं: ‘तुटलेली शिरोरेषा नायिकेच्या विस्कटलेल्या संसाराचं सूचन करते.’ वाक्य पंधरा-वीस शब्दांच्या आत बसवा. उद्गारचिन्ह नको, हसरे चेहरे तर नकोतच. ते लावले की आपणच आपल्या विनोदाला टाळी दिली असं होतं. फोटोत दोषाभोवती लाल वर्तुळ काढू नका, त्यापेक्षा तेवढाच भाग कापून मोठा दाखवा आणि शेजारी पूर्ण कव्हर ठेवा.

लेखकाचं रूप, जात, गाव, वय यांवर बोलायचं नाही. कव्हरमधली माणसं खरी असतील तर त्यांच्या शरीरावरही नाही. रचनाकाराचं नाव श्रेयनामावलीच्या पानावर असतं, ते वाचा, पण विनोदात ओढू नका. त्याने दिलेल्या तीन नमुन्यांतला चौथाच छापला जाणं ही या धंद्यातली नेहमीची गोष्ट आहे: एकाचं चित्र, दुसऱ्याची अक्षरं, आणि लेखकाच्या मेव्हण्याने सुचवलेला रंग.

कायद्याची बाजू थोडक्यात. कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं कलम ५२ टीका आणि समीक्षेसाठी रास्त वापराला मुभा देतं. म्हणून चित्र टाकायचं तर सोबत प्रत्यक्ष टीका असू द्या. नुसती शंभर कव्हरं गोळा करून डकवणं म्हणजे समीक्षा होत नाही. आपण स्वतः बदलून केलेलं विनोदी कव्हर असेल तर ते बदललेलं आहे हे चित्रातच दिसेल असं लिहा आणि प्रकाशकाचं बोधचिन्ह काढून टाका. कलाकृतीची मोडतोड करून कर्त्याच्या नावाला बट्टा लावण्याविरुद्ध त्याला दाद मागता येते, ते कलम ५७.

चारचौघांत खेळायचं असेल तर

आठ-दहा पुस्तकं गोळा करा आणि शीर्षक, लेखकाचं नाव आणि मलपृष्ठावरचा मजकूर चिकट कागदाने झाका. प्रत्येकाला वीस सेकंद. त्यात पुस्तकाचा प्रकार आणि गोष्ट सांगायची. प्रकार बरोबर आला तर कव्हरला एक गुण, खेळणाऱ्याला काही नाही. कवितासंग्रह आणि गर्भसंस्काराचं पुस्तक यांत पहिल्याच फेरीत गोंधळ उडतो. शेअरबाजार आणि अध्यात्म यांत दुसऱ्या. संचात दोन चांगली मुखपृष्ठं न सांगता मिसळून ठेवा. त्यांच्यावरही लोक हसले, तर ते दोषाला हसत नसून हसायचं ठरवून आलेत. अशा वेळी पुस्तकं बदलून पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं.

लिहिण्याआधी आवृत्ती तपासून घ्या. पुनर्मुद्रणात कव्हर बदललेलं असेल तर दुकानात ते जुनं सापडणार नाही आणि वाचणारा तुम्हालाच खोटं पाडेल. जुन्या आवृत्तीचं साल चित्राखाली घाला, आणि नवं कव्हर चांगलं झालं असेल तर तेही शेजारी दाखवा. क्वचित असंही होतं, की नवं आणखी बिघडलेलं असतं. मग जुन्याबद्दल काही लिहू नका, दोन्ही चित्रं सालांसह लावून मोकळे व्हा.